विहिरीचा गाळ: उपसायचा की फिल्टर लावायचा?

कोकणात परसातल्या विहिरीला पावसाळ्यात गढूळ, तांबूस पाणी आलं की आधी आठवतो तो पंपाच्या लाइनवरचा फिल्टर. ५ मायक्रॉनचं कार्ट्रिज (फिल्टरमधली अतिबारीक छिद्रांची गाळणी) गाळ धरतं खरं, पण जांभ्याची बारीक माती त्याला लिंपून टाकते, नळाची धार करंगळीएवढी होते. तळातला गाळ मात्र तिथेच, झरे बुजवत. आणि या फिल्टरने जंतू मरत नाहीत.

उपसा म्हणजे मोठं काम. एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला गेलं की गडी लावायचे, घमेल्या-घमेल्याने गाळ वर ओढायचा. मजुरी एकदम जाते, पण झरे मोकळे होतात. कळकळीने सांगते, कुणालाही घाईने आत उतरवू नका. तळाशी प्राणवायू कमी असू शकतो, आणि विहिरीच्या आत डिझेल पंप चालवणं जिवावर बेततं. उपशानंतर १००० लिटरला २.५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर.

माझा कौल उपशालाच. फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाण्यातल्या पाइपच्या टोकाची झडप) तळापासून दोन-तीन फूट वर घ्या, कठड्याच्या फटी बुजवा. एवढं करूनही पावसात पाणी गढूळ येत असेल, तर तेवढ्यापुरता फिल्टर लावा.