स्विचबोर्ड तयार आहे, ॲप कुठलं घ्यायचं?

बेळगावच्या उद्यमबागेत स्विचबोर्ड बनवणाऱ्या एका मित्राने विचारलं, ‘मोबाईलवर चालणारा बोर्ड झाला, ॲपचं काय करू?’ त्याच्यासारखेच अडला असाल, तर वाटा तीन.

पहिली तुया या चिनी कंपनीची. त्यांचं मॉड्यूल (वाय-फायचा तयार सुटा भाग) बोर्डात बसवलं की आपलं नाव-लोगो घातलेलं ॲप जवळपास तयार मिळतं. माल लगेच बाजारात न्यायचा असेल तर हेच बरं. पण क्लाउड, म्हणजे ॲप आणि बोर्ड यांना जोडणारा इंटरनेटवरचा सर्व्हर, त्यांचा. उद्या दुसरीकडे जायचं म्हटलं तर बोर्डापासून सुरुवात.

मधली वाट म्हणजे चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीचं रेनमेकर. त्यांचीच ईएसपी३२ चिप, आणि अँड्रॉइड-आयफोन दोन्ही ॲपचा सोर्सकोड खुला, म्हणजे घेऊन हवा तसा बदलता येतो. त्यांचा सार्वजनिक क्लाउड चाचणीपुरता आहे. विकायचं तर ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेत (एडब्ल्यूएस) स्वतःच्या खात्यावर वेगळी मांडणी करावी लागते.

तिसरी वाट म्हणजे फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात सगळं स्वतः, मागे बोर्ड आणि ॲपचे निरोप पोचवणारा एमक्यूटीटी सर्व्हर. दिवा लावणं-विझवणं लवकर जमतं. जीव घेतं ते बोर्ड पहिल्यांदा घरच्या वाय-फायला जोडणं.

खानापूरला एका घरी मी त्यापायी अर्धा तास उभा होतो. बोर्डात ईएसपी८२६६ ही जुनी चिप, म्हणजे ब्लूटूथ नाही. बोर्ड स्वतःचं वाय-फाय सोडतो, फोन त्याला जोडायचा. त्या वाय-फायवर इंटरनेट नसतं, म्हणून फोन गुपचूप मोबाईल डेटावर जायचा आणि ॲपवरचं चक्र फिरतच राहायचं. डेटा बंद केला तेव्हा जोडलं. ईएसपी३२ असता तर हीच जोडणी ब्लूटूथवरून झाली असती. तिथेही एक गोष्ट सांभाळा: अँड्रॉइड ११ पर्यंत ब्लूटूथ शोधायला लोकेशनची परवानगी लागते. ‘दिव्याला माझा पत्ता कशाला?’ असं गिऱ्हाईक विचारणारच, म्हणून कारण त्याच स्क्रीनवर लिहा. दोन्ही चिपा फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात, ५ च्या नाही, हेही तिथेच सांगा.

२०२२ साली आलेल्या मॅटर या स्मार्ट उपकरणांच्या सामायिक मानकामुळे क्यूआर स्कॅन करून बोर्ड थेट गुगल होममध्ये जोडता येतो, स्वतःचं ॲप नसलं तरी. प्रमाणपत्राचा खर्च मात्र छोट्या कारखान्याला जड.

मित्राला मी रेनमेकर सुचवलंय. आमच्याकडे पावसाळ्यात नेट जातं. अशा वेळी घरातल्या वाय-फायवरूनच बोर्ड चालावा, ही सोय त्यात आहे, फर्मवेअरमध्ये (बोर्डातल्या चिपवरच्या प्रोग्राममध्ये) चालू करावी लागते. आधी दहा बोर्ड ओळखीच्या घरांत लावायचे, राउटरची इंटरनेटची वायर काढून दिवा लागतो का बघायचं. आणि ॲपमधले शब्द पहिल्या दिवसापासून मराठी आणि कन्नड, दोन्हींत. शहापुरातल्या एकाच घरात मालकीणबाई मराठी वाचतात, वरचे भाडेकरू कन्नड.