टू-के पेंटच्या नावाखाली ५७,४०० रुपयांना गंडा: जुनी गाडी घरी रंगवून घेणाऱ्यांनी वाचाच

'टोइंगचा खर्च कशाला करता, कंप्रेसर घेऊन घरीच येतो, तुमच्या गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करून देतो' असं म्हणणारा कोणी भेटला, तर एक पैसा देण्याआधी हे वाचा.

गाडी १९९५ ची मारुती ८००, वडिलांनी घेतलेली. कार्ब्युरेटर, ब्रेक, वायरिंग, सीटा सगळं मी स्वतः केलं. पत्रा आणि रंग एवढंच अशा घरी येणाऱ्या पेंटरला दिलं, तेही विचार करूनच. टू-के पीयू म्हणजे फवारण्याआधी हार्डनर मिसळावा लागतो असा दोन घटकांचा पॉलीयुरेथेन रंग. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे घातक रसायन असतं. बंद गॅरेजमध्ये साधा मास्क लावून ते फवारणं म्हणजे फुप्फुसांची वाट लावणं. त्यात आरसीची मुदत संपत आली होती. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, तपासणीला गाडी न्यावी लागते. घाई होती ती त्यामुळे, हौस म्हणून नव्हे.

पैसे असे गेले: अ‍ॅडव्हान्स २०,००० रुपये. टू-के रंग, हार्डनर, प्रायमर आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) यांचे २३,४००, त्याचं बिल पेंटरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. रनिंग बोर्ड (दाराखालची पट्टी) आणि बॅटरीखालचा पत्रा कापून नवा बसवण्याचे १४,०००. एकूण ५७,४००. सगळे यूपीआयने, सगळ्याची नोंद माझ्याकडे आहे.

आता ज्या सकाळचा विचार करून आजही डोकं फिरतं, ती सांगतो. पहिला हात आदल्या संध्याकाळी मारून झाला होता. सकाळी गॅरेज उघडलं तर गनच्या कपात उरलेला रंग तसाच पातळ. त्याने त्यात थोडा थिनर ओतला, काडीने ढवळलं आणि परत फवारायला घेतलं. मी समोर उभा होतो! टू-केमध्ये हार्डनर एकदा मिसळला की काही तासांत मिश्रण घट्ट होतं, दुसऱ्या दिवशी कपात दगड व्हायला हवा होता. मी विचारलंही. 'साहेब, आता स्लो हार्डनर येतो,' म्हणाला. स्लो हार्डनर असतो हे खरंच आहे, म्हणून मी गप्प बसलो. पण तोही रात्रभर असा पातळ राहत नाही. वीस वर्षं गन चालवतो असं सांगणारा माणूस तोंडावर हे बोलतो, तेव्हा समोरचा विश्वास ठेवणार नाही तर काय करणार?

पॉलिश मारून गाडी चकाचक दिली आणि गेला. मग एकदा पेट्रोल भरताना दोन थेंब टाकीच्या झाकणाखाली ओघळले. पुसलं तर फडक्यावर पांढरा रंग. घरी येऊन थिनरचा बोळा डिकीच्या आतल्या कोपऱ्यावर फिरवला, खालचा प्रायमर उघडा पडला. पूर्ण सुकलेलं टू-के थिनरने असं विरघळत नाही. हे साधं एनसी (नायट्रोसेल्युलोज, हार्डनरशिवाय सुकणारा रंग) होतं, टू-केपेक्षा कितीतरी स्वस्त. मग रनिंग बोर्डला लोहचुंबक लावला, चिकटेना. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर लांबीचा (पुट्टीचा) ढेपसा निघाला आणि मागे कोंबलेला वर्तमानपत्राचा ओला बोळा. चौदा हजारांचा नवा पत्रा तो हाच. वेल्डिंग झालं त्या दिवशी मी नोकरीवर होतो. माणसाने नोकरी सोडून राखण करत बसायचं का?

बिल घेऊन रंगाच्या दुकानात गेलो. तो बिल नंबर त्यांच्या बिलबुकातच नाही. पेंटरचा फोन बंद.

पोलीस ठाण्यात काय ऐकलं? 'रंग नीट बसला नाही म्हणून गुन्हा दाखल करायचा का? हे दिवाणी आहे, कोर्टात जा.' अहो, खोटं बिल दाखवून पैसे काढले, म्हणजे सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ आहे कशासाठी? अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. यूपीआय म्हणून सायबरकडे पाठवलं. तिथे विचारलं, 'ओटीपी दिला का? लिंक दाबली का?' नाही म्हटल्यावर, 'मग हे आमचं नाही, परत ठाण्यात जा.' ठाण्यात साहेब बंदोबस्ताला. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. पेंटरचा नंबर माझ्याकडे, खात्यावरचं नाव माझ्याकडे, खोटं बिल माझ्याकडे. त्या खात्यावरून पत्ता काढायला पोलिसांना एक पत्र लिहावं लागलं असतं, तेवढंही झालं नाही. नागरिकाने आणखी काय गोळा करून द्यायचं?

एक लक्षात ठेवा: ठाण्यात तक्रार घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली ती लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, तिथेही दाद नाही लागली तर दंडाधिकाऱ्यांकडे. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि तोच माझ्याकडे नाही. म्हणून अ‍ॅडव्हान्सआधी आधार आणि राहता पत्ता घ्या. मटेरियलचे पैसे पेंटरला देऊच नका, दुकानात स्वतः जाऊन डबे आणा.

गंज कापल्यावर, वेल्डिंग झाल्यावर, पुट्टी लागायच्या आधी उघड्या पत्र्याचे फोटो मागा. फोटो नाही तर पुढचा हप्ता नाही. हार्डनरच्या डब्याचं सील तुमच्यासमोर फुटलं पाहिजे.

आता माझ्या गाडीचा सगळा रंग पत्र्यापर्यंत उतरवावा लागणार आहे, कारण एनसीवर टू-के मारलं तर खालचा थर उचलतो. तो खर्च वर दिलेल्या ५७,४०० मध्ये धरलेला नाही.