उद्यानांचं जुनं दप्तर ऑनलाइन आणताना: फ्लॅटबेड स्कॅनर की कॅमेरा?

राष्ट्रीय उद्यानाच्या दप्तरात काय नसतं! गस्तीच्या वह्या, घडी पडलेले नकाशे, काचेच्या निगेटिव्ह, प्राण्यांच्या नोंदींची कार्डं. सुट्या फोटोंसाठी फ्लॅटबेड स्कॅनर, म्हणजे कागद काचेवर पालथा ठेवायचा तो, उत्तम. प्रकाश सगळीकडे सारखा, फोकसची कटकट नाही, नवखा माणूसही लवकर शिकतो. पण वेग गोगलगायीचा. आणि बांधीव वही काचेवर पालथी दाबली की शिवण उसवते.

वह्यांच्या बाबतीत स्टँडवरून खाली रोखलेला कॅमेरा बाजी मारतो. वही आधारावर अर्धवट उघडी राहते, पान क्षणात टिपलं जातं, मोठा नकाशा तुकड्यांत घेऊन नंतर जोडता येतो. काचेच्या निगेटिव्हला मागून उजेड दिला की झालं. मात्र दोन्हीकडचे दिवे ४५ अंशांत लावणं, रंग खरे उतरलेत का ते तपासायला शेजारी रंगपट्टी ठेवणं, लेन्स पानाला समांतर ठेवणं, यात हात बसायला वेळ लागतो.

वह्या-नकाशे जास्त असतील तर मी कॅमेराच घेईन. जतनासाठी टिफ, म्हणजे तपशील न गमावणारी जड फाइल; लोकांसाठी जेपेग, म्हणजे हलकी फाइल. आणि दुर्मिळ ऑर्किडची किंवा घरट्याची नेमकी जागा लिहिलेली पानं? तेवढा मजकूर झाकूनच ती चढवायची, नाहीतर चोरट्यांच्या हाती आयता पत्ता पडतो.