गूगल डॉक्स : ग्रुप प्रोजेक्टमधल्या कामचुकारांवर कितपत चालतं?

चार जणांच्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये एक जण रात्र रात्र टाइप करतो, दोघं पाट्या टाकतात, चौथा थेट व्हायवाला उगवतो. ब्लॅक बुकवर, म्हणजे बांधलेल्या प्रोजेक्ट रिपोर्टवर, नावं मात्र चौघांची. कुणी काय केलं हे गाइडला कळत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर वर्डच्या फाइली फिरत राहिल्या तर ते कळणारही नाही. इथे गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्ट्री, म्हणजे फाइलमध्ये कुणी कधी काय बदललं याची नोंद, खरंच कामाला येते, तेही फुकटात. फक्त तिची सोय पहिल्याच दिवशी लावून ठेवावी लागते.

फाइल उघडल्यावर शेअरमध्ये जाऊन प्रत्येकाचा ईमेल टाका आणि त्याला एडिटर करा. ‘लिंक असेल तो कुणीही एडिट करेल’ ही सोय बंद ठेवा. ती चालू राहिली, तर लॉगिन न करता लिहिणारा ‘अनामिक’ म्हणून दिसतो आणि सगळा हिशेब तिथेच बुडतो. शेअरच्या सेटिंगमध्ये एडिटरना परवानग्या बदलू देणारी खूण असते, तीही काढा. फाइलचा मालक भरवशाचा असावा, कारण त्याने ती कायमची डिलीट केली तर सगळ्यांचीच जाते.

हिस्ट्री कॉम्प्युटरवरच बघा. कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि एच एकत्र दाबलं की उजवीकडे तारीखवार यादी येते आणि प्रत्येकाची भर वेगळ्या रंगात दिसते. दर रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी त्या आवृत्तीला ‘रिव्ह्यू १’ असं नाव द्या, म्हणजे नंतर शोधाशोध होत नाही. फाइलची कॉपी काढून त्यावर काम सुरू केलं, तर जुनी हिस्ट्री कॉपीत येत नाही. हा घोळ नेहमी होतो, आणि काही जण तो मुद्दाम करतात.

काम वाटून द्यायला कमेंट वापरा. मजकूर निवडा, कमेंटमध्ये @ लावून ईमेल घाला आणि ‘असाइन’वर खूण करा. त्या मुलाला मेल जातो आणि काम पूर्ण केल्याची खूण होईपर्यंत ती कमेंट तिथेच राहते. ‘मला कुणी सांगितलंच नाही’ हे म्हणायला मग जागा उरत नाही.

पण हिस्ट्री मोजते फक्त टायपिंग. इंटरनेटवरून चार पानं उचलून चिकटवणारा त्यात कष्टाळू दिसतो. उलट परभणीकडच्या कृषीच्या ग्रुपमध्ये कपाशीच्या रानात जाऊन कामगंध सापळ्यांतले (वासाने पतंग ओढून घेणारे सापळे) गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजणारा मुलगा कुठेच दिसत नाही. हा अन्याय मोठा आहे. म्हणून नोंदींचा तक्ता त्याच फाइलमध्ये ठेवा. सापळा क्रमांक, तारीख, पतंगांची संख्या आणि फोटो, हे ज्याने मोजलं त्यानेच आपल्या लॉगिनने मोबाइलवरून भरावं. इलेक्ट्रॉनिक्सच्या ग्रुपमध्ये सर्किट जोडणाऱ्यालाही हाच नियम.

गावाकडे नेट जातं, लाइट जाते. मोबाइल अॅपमध्ये ती फाइल आधीच ऑफलाइन करून ठेवली तर लिहिता येतं, नेट आल्यावर ते आपोआप चढतं. फक्त दोघांनी एकाच परिच्छेदात ऑफलाइन हात घालू नये, वाक्यं एकमेकांत मिसळतात.

मराठी रिपोर्ट असेल तर डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधला मजकूर घेऊ नका. तो युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसल्याने डॉक्समध्ये नुसती अगम्य चिन्हं उमटतात. मोबाइलच्या मराठी कीबोर्डने लिहा, फॉन्ट ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो’ (Noto) ठेवा. बाइंडिंगला देताना पीडीएफच काढून न्या. वर्डमध्ये उतरवलेली फाइल झेरॉक्स सेंटरच्या कॉम्प्युटरवर उघडली की तक्ते सरकतात आणि अनुक्रमणिकेतले पान क्रमांक चुकतात.