जॅमला एमए भरावा की एमएस?

बी.एस्सी.ला गणित आणि स्टॅटिस्टिक्स दोन्ही घेतलेल्यांसमोर तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच हा प्रश्न येतो. आयआयटींसारख्या संस्थांतल्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची हे ठरलेलं असतं. पण अर्जात मॅथेमॅटिक्सचा पेपर (एमए) भरायचा की मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा (एमएस), यावर घोडं अडतं. मी एमएस निवडला. तरी एमएची बाजू लंगडी आहे असं मुळीच नाही.

दोन्ही पेपरांचा साचा एकच आहे: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. ३० एमसीक्यूंना (एकच पर्याय बरोबर असलेले प्रश्न) ५० गुण असतात आणि निगेटिव्ह मार्किंग फक्त तिथेच. एक गुणाचा प्रश्न चुकला तर एक तृतीयांश, दोन गुणांचा चुकला तर दोन तृतीयांश गुण जातात. दहा एमएसक्यूंना २० गुण आणि २० न्यूमरिकल प्रश्नांना (पर्याय नसतात, उत्तराची संख्या भरायची) ३०. एमएसक्यूत एक किंवा जास्त पर्याय बरोबर असू शकतात. चूक झाली तर वजाबाकी नाही, पण अर्धे गुणही नाहीत. बरोबर असलेल्या सगळ्या पर्यायांवर टिक केली आणि चुकीच्या एकावरही केली नाही, तरच दोन गुण.

हाच नियम दोन पेपरांत वेगवेगळा चावतो, आणि माझं पारडं तिथेच झुकलं.

एमएच्या धाटणीचा एक प्रश्न घ्या. एक मालिका कन्व्हर्ज होते (म्हणजे तिची बेरीज एका ठरावीक संख्येकडे जाते), एवढंच दिलंय. मग पदांच्या वर्गांची मालिका कन्व्हर्ज होईल का? प्रत्येक पदाला त्याच्या क्रमांकाने भागलं तर? निरपेक्ष किमतींना क्रमांकाने भागलं तर? लागोपाठच्या दोन पदांचे गुणाकार घेतले तर? क्रमांकाच्या वर्गमुळाचा व्यस्त आणि आलटून पालटून चिन्ह, हे उदाहरण सगळ्यांच्या हाताशी असतं. त्यावर पहिला आणि चौथा पर्याय लगेच बाद होतो. दुसरा एबलच्या कसोटीने खरा ठरतो. तिसरा मात्र याच उदाहरणावर तपासला तर खरा वाटतो, कारण क्रमांकाचा दीड घात छेदात येतो आणि मालिका कन्व्हर्ज होते. तो खोटा पाडायला वर्गमुळाच्या जागी लॉग घ्यावा लागतो. ते सुचलं नाही की दुसऱ्या आणि तिसऱ्यावर टिक होते आणि हाती शून्य. चारपैकी तीन विधानांचा निर्णय बरोबर असूनही! एका प्रश्नात एक सिद्धता आणि दोन प्रतिउदाहरणं, तीही सरासरी तीन मिनिटांत.

एमएसमध्येही एमएसक्यू आहेतच, पण तिथलं विधान बहुतेकदा गणित करून तपासता येतं. शून्य ते थीटा या युनिफॉर्म डिस्ट्रिब्युशनमधून नमुना घेतला, तर त्यातलं सर्वांत मोठं निरीक्षण थीटासाठी सफिशियंट आहे का (थीटाबद्दलची सगळी माहिती त्यात येते का), कन्सिस्टंट आहे का (नमुना वाढला की थीटाजवळ जातं का), एमएलई म्हणजे मॅक्झिमम लाइकलीहूड एस्टिमेट आहे का, अनबायस्ड आहे का (सरासरीने थीटाच येतं का)? पहिली तिन्ही उत्तरं होकारार्थी. चौथ्यासाठी अपेक्षित मूल्य काढा: नमुन्यात एन निरीक्षणं असतील तर थीटाच्या एन भागिले (एन अधिक एक) पट येतं, म्हणजे अनबायस्ड नाही. नेमकं उदाहरण सुचण्यावर काही अडत नाही. ज्यांना उदाहरणं पटापट सुचतात त्यांना माझी ही तक्रार क्षुल्लक वाटेल, आणि त्यांनी खुशाल एमए द्यावा.

एमएसची डोकेदुखी न्यूमरिकलमध्ये आहे. स्वतःचा कॅल्क्युलेटर नेता येत नाही. पडद्यावरचा माउसने चालवायचा आणि उत्तरही पडद्यावरच्याच कीपॅडने भरायचं. समजा, सरासरी १ असलेली दोन स्वतंत्र एक्स्पोनेन्शियल चलं आहेत. त्यातलं मोठं चल २ पेक्षा जास्त असण्याची शक्यता दोन दशांशांपर्यंत विचारली आहे. ई चा उणे दोन घात ०.१३५३ घेतला तर उत्तर ०.२५ येतं. तोच आधीच ०.१४ केला तर ०.२६. मान्य उत्तरांचा पल्ला किती रुंद ठेवलाय हे परीक्षा देताना कळत नाही, म्हणून राउंडिंग अगदी शेवटी करायचं. दुसरी गोम म्हणजे हा कॅल्क्युलेटर उघडतो तो डिग्रीवर. कॉशी डिस्ट्रिब्युशनच्या प्रश्नात १ चा टॅन इन्व्हर्स आला आणि रेडियन करायचं राहिलं की ०.७८५ ऐवजी ४५ दिसतं आणि उत्तर १ च्या कितीतरी वर जातं. ते शक्यता म्हणून हास्यास्पद असल्याने निदान लक्षात तरी येतं. नॉर्मलच्या किमती लागतील तिथे प्रश्नातच दिलेल्या असतात. टेबल पाठ करायची गरज नाही.

अभ्यासक्रमाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सीक्वेन्स-सीरिज, कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स दोन्हीकडे आहेत. ग्रुप थिअरी फक्त एमएला. एमएसमध्ये मोठा भार प्रॉबॅबिलिटी, डिस्ट्रिब्युशन्स, एस्टिमेशन आणि टेस्टिंगचा.

जागांच्या बाबतीत मात्र एमए सरळ पुढे आहे. एमएवर प्रवेश देणाऱ्या संस्था आणि अभ्यासक्रम बरेच जास्त आहेत, एमएसवर मोजकेच. अर्थात एमएला बसणारेही कितीतरी जास्त असतात. पुढे बीजगणितात किंवा विश्लेषणात पीएच.डी. करायची असेल तर माझ्या तक्रारीकडे दुर्लक्ष करा.

दोन्ही देता येतात का? येतात, पेपर वेगवेगळ्या सत्रांत असतील तर. अलीकडच्या वर्षांत एमए सकाळी आणि एमएस दुपारी असा क्रम राहिला आहे, पण अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचं वेळापत्रक पाहाच. दोन पेपरांचं शुल्क एकाच्या दुप्पट नसतं, त्यामुळे पैशांपेक्षा दमाचा विचार करा: सकाळच्या तीन तासांत एमएसक्यूंनी पिळून काढलं, तर दुपारी ज्या पेपरात खरी आशा आहे तिथेच हिशेब चुकायला लागतात. स्टॅटिस्टिक्स मुख्य विषय असेल तर माझ्या मते एकटा एमएस पुरे. गणित मुख्य आणि स्टॅटिस्टिक्स बऱ्यापैकी असेल, तर दोन्ही भरा, पण सराव परीक्षा एकाच दिवशी लागोपाठ देऊन बघा. दोन्हींत पात्र ठरलात तर गुणवत्ता याद्या वेगळ्या असल्या तरी प्रवेशाचे पसंतीक्रम एकाच अर्जात लावावे लागतात. तिथे एमएसवरचा हवा असलेला अभ्यासक्रम एमएवरच्या नावाजलेल्या संस्थेच्या खाली ठेवलात आणि वरचा मिळाला, तर खालच्याचा विचारच होत नाही.