आवाज न करणारा शॉर्ट शिफ्टर आणि माझे बुडालेले ५२,८०० रुपये

गिअरच्या एका दांड्यापायी माझे ५२,८०० रुपये गेले. आकडा फुगवून सांगतोय असं कुणाला वाटू नये म्हणून फोड करून देतो: १९,२५० आगाऊ, १९,२५० माल निघण्याआधी, ७,९४० ‘कस्टम’च्या नावाखाली, ३,५०० बसवण्याची मजुरी आणि त्या बसवाबसवीत फाटलेला, दांड्याच्या खालचा रबर बूट (रबरी आवरण) बदलायला २,८६०. यातले पहिले ४६,४४० थेट दांडा विकणाऱ्या भामट्याच्या हातात पडले. आज गाडीत जुनाच दांडा परत बसवलेला आहे, आणि तो माणूस उजळ माथ्याने धंदा करतोय.

‘असले चोचले हवेत कशाला’ हे मला घरच्यांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय, म्हणून आधी तेच सांगतो. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेली निसान ३७०झेड आहे, सहा गिअरची मॅन्युअल. या गाडीत इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना, आणि गिअरबॉक्स अगदी आपल्या हाताखाली. मध्ये केबल वगैरे काही नाही. त्यामुळे गिअरबॉक्समध्ये जे काही चालतं ते सरळ दांड्यातून वर येतं. माझा दांडा झिजला होता. न्यूट्रलमध्ये ढिला पडायचा, आणि एका ठरावीक वेगाला नॉबमधून अशी झिणझिण यायची की लांबच्या प्रवासात डोकं उठायचं. दांडा बदलायचाच होता, तर जरा कमी हलणारा, म्हणजे शॉर्ट शिफ्टर, आणि तोही शांत घ्यावा, एवढीच माझी इच्छा. यात हौस होती, पण गरजही होती.

ज्यांनी या विषयात थोडंफार वाचलंय त्यांना माहीत असेल की ‘शॉर्ट’ आणि ‘शांत’ या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात. कंपनीच्या दांड्यात सहसा मध्येच कुठेतरी रबर असतं. आतला भाग आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये ते बसवतात, म्हणजे थरथर वर येताना अडते. त्याच रबरामुळे गिअर टाकताना हाताला जरा लिबलिबीत लागतं. शॉर्ट शिफ्टर बनवणारे बहुतेक जण ते रबर काढून टाकतात आणि दांड्याचा टेकू वर सरकवतात. हालचाल कमी होते, गिअर खटकन पडतो, पण गिअरबॉक्सची सगळी कुरकुर गाडीत शिरते. शांत शिफ्टर हवा असेल तर दांडा दोन तुकड्यांचा हवा, मध्ये खरंखुरं रबर किंवा पॉलियुरेथेन हवं, आणि खालचे बूट जसेच्या तसे राहायला हवेत. अशी वस्तू मिळते, पण महाग असते.

आणि एक साधं गणित. थ्रो, म्हणजे गिअर टाकताना नॉब जेवढा हलतो ते अंतर, ३० टक्क्यांनी कमी केला की हाताला जोर सुमारे ४३ टक्के जास्त लावावा लागतो. तरफेचा नियम आहे, त्यातून कुणाची सुटका नाही. ‘थ्रो ४० टक्के कमी आणि गिअर लोण्यासारखा हलका’ असं कुणी लिहिलं असेल तर तिथेच थांबा. माझ्या विक्रेत्याने अक्षरशः हेच लिहिलं होतं. वजनदार नॉबमुळे हलका वाटतो म्हणाला. वजनदार नॉबने फरक पडतो हे खरं आहे, झिणझिणही थोडी कमी होते. अर्धं खरं सांगितल्यामुळेच मला उरलेलंही खरं वाटलं.

किंमत ३८,५००. एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचा माल, खोकं बंद, शेवटचा पीस. मी डोळे मिटून पैसे पाठवले नाहीत, हे मला ठासून सांगायचंय. मी त्याच्याकडे जीएसटी नंबर मागितला. त्याने दिला. मी तो सरकारी पोर्टलवर तपासला. नंबर चालू होता, नोंद सुट्या भागांच्या दुकानाची होती. यापेक्षा जास्त सामान्य माणसाने काय करायचं? पण तो नंबर त्याचा नव्हता, दुसऱ्याच कुणाचा उचललेला होता. पोर्टलवर दिसणारं नाव आणि यूपीआयवर पैसे पाठवताना दिसणारं नाव जुळवून बघा. जुळलं नाही तर एक रुपयाही पाठवू नका. मला यूपीआयवर एका व्यक्तीचं नाव दिसलं होतं. विचारलं तर म्हणाला, ‘दादा, ते आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, कंपनीच्या खात्यावर लिमिट संपली.’

पण नावाची गोष्ट मी एकवेळ सोडून देईन. मला आजही झोपू देत नाही तो व्हिडिओ.

सतरा सेकंदांचा व्हिडिओ होता. हात नॉबवर, पहिला, दुसरा, तिसरा, असे सहाही गिअर टाकून दाखवतो. कुठे खडखड नाही, गुणगुण नाही. मागे पंख्याची घरघर स्पष्ट ऐकू येत होती, त्यामुळे आवाज बंद करून व्हिडिओ केलाय अशीही शंका येईना. मी दांड्यावरचा रबराचा काळा पट्टा नीट बघायला म्हणून व्हिडिओ थांबवला, चित्र मोठं केलं. त्याच चित्रात वर आरपीएमचा मीटर दिसत होता. डॅशबोर्डचे दिवे लागलेले, आणि सुई शून्यावर. गाडी बंद होती! इंजिनच चालू नसेल तर कुठलाही शिफ्टर शांतच असणार. लोखंडाची सळई खोचली तरी आवाज येणार नाही. आवाज येतो तो इंजिन फिरताना, गिअरांवर भार पडल्यावर, चालत्या गाडीत. हे मला माहीत होतं. मी ती सुई बघितली होती. मी त्याला विचारलंसुद्धा, ‘चालत्या गाडीतला व्हिडिओ आहे का?’ तो म्हणाला, ‘पाठवतो ना दादा, पण दुसरं एक गिऱ्हाईक थांबलंय, तुम्ही बुकिंग तेवढं करून ठेवा.’ आणि मी १९,२५० पाठवले. तो दुसरा व्हिडिओ कधीच आला नाही.

का पाठवले? कारण वर्षभर शोधूनही या गाडीचा असा भाग इथे मिळत नव्हता. कारण बाहेरून मागवायचा तर भाडं आणि ड्युटी धरून किंमत याच्या बरीच वर जात होती. कारण तो माणूस बुश, सिलेक्टर, रबर बूट असे सगळे शब्द बरोबर वापरत होता. फसणारा माणूस हावरट असतो असं आपण सहज म्हणतो. मी कुठली सवलत मागितली नव्हती, घासाघीस केली नव्हती. सांगितलेली पूर्ण किंमत मोजायला तयार होतो.

उरलेले १९,२५० गेल्यावर तिसऱ्या दिवशी फोन: माल कस्टममध्ये अडकलाय, ७,९४० भरा, नाहीतर परत जाईल. सोबत शिक्का मारलेलं पत्र. आतापर्यंत ३८,५०० अडकलेले, मग माणूस ७,९४० पण भरतो. यांचा सगळा डाव याच्यावरच चालतो. लक्षात ठेवा: कस्टम खातं कुणालाही कुणाच्या वैयक्तिक खात्यात ड्युटी भरायला सांगत नाही. खात्याच्या खऱ्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या) वेबसाइटवर तपासता येतो. माझ्या पत्रावर तो नव्हता, आणि असा क्रमांक असतो हेच मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

माल मात्र आला. आणि तो आला हेच पुढे माझ्या गळ्याशी आलं.

खोकं चकाचक, नाव बरोबर, आत फोममध्ये बसवलेला दांडा. मेकॅनिकने बसवायला घेतला तर खालची बैठक जाड, काही केल्या बसेना. दाबून बसवताना खालचा रबर बूट फाटला. तो बूटच गिअरबॉक्सची उष्णता आणि आवाज खाली अडवून धरतो. गाडी सुरू केली, दुसऱ्या गिअरमध्ये जेमतेम गल्लीच्या टोकापर्यंत गेलो असेन, आणि दांड्यातून असा रडका आवाज यायला लागला की मेकॅनिकच म्हणाला, ‘थांबवा, काढू या.’ बाहेर काढल्यावर मी त्या काळ्या पट्ट्याला नख लावलं. तो सोलून निघाला. सायकलच्या ट्यूबसारखी पातळ रिंग, आतून डिंकाने चिकट, आणि खाली एकसंध चकचकीत सळई. जोड नाही, फट नाही, दोन तुकडे तर नाहीतच. मेकॅनिकने दांडा एका हातात धरून वर पान्याने टिचकी मारली. टण्ण! आत रबर असतं तर ठक् असा बसका आवाज आला असता. हे तुम्हीही करू शकता, बसवण्याआधी, घरात बसून. खोकं उघडतानाचा व्हिडिओही काढा, न थांबवता, पावती आणि लेबल दिसेल असा. मी काढला नव्हता, आणि ‘हाच माल आला कशावरून’ हा प्रश्न मला सगळीकडे विचारला गेला.

आता पुढचं ऐका. मी पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न: ‘माल मिळाला का?’ मी म्हटलं, ‘मिळाला, पण बनावट आहे.’ ‘मग फसवणूक कुठे झाली? वस्तू आवडली नाही तर ग्राहक आयोगात जा.’ मी तो दांडा टेबलावर ठेवला, रिंग सोलून दाखवली, पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे हेही नम्रपणे सांगितलं. त्यावर मलाच उलट विचारलं, ‘गाडीत बदल केलाय, आरटीओची परवानगी घेतली का?’ तक्रारदार मी आणि कठड्यात उभाही मीच! आरसी बुकात गिअरच्या दांड्याची नोंद कुठे असते? एक हवालदार दुसऱ्याला म्हणाला, ‘काठीसाठी चाळीस हजार दिले यांनी,’ आणि दोघं हसले. मी दीड तास बाकड्यावर बसून होतो. शेवटी साध्या अर्जावर पोच मिळाली, तीही मी हटून बसलो म्हणून. ‘रक्कम लहान आहे, इथे लाखांच्या केसेस पडून आहेत,’ असं वर ऐकवलं. ४६,४४० रुपये कमवायला ज्याला महिना लागतो त्याला ही रक्कम लहान नाही.

बँकेत तर बोलणंच खुंटलं. ‘पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीने झाला.’ समोरच्याचं खातं गोठवा म्हटलं तर पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेकडून तपशील आणा. कुरिअरवाले म्हणतात पाठवणाऱ्याची माहिती गोपनीय. अहो, मग गोपनीयता चोराची आणि चकरा माझ्या? एका टेबलावरचा कागद दुसऱ्या टेबलावर नेण्याचं काम फसवल्या गेलेल्या माणसाने का करायचं? जो तो आपल्या जागी नियमाने बरोबर, आणि मधल्या मध्ये पैसे खात्यातून खात्यात फिरून नाहीसे होतात.

म्हणून पैसे गेल्याचं कळताक्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. ठाण्यात नंतर जा. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. माझी गोष्ट उघड झाली तोवर पहिल्या हप्त्याला तीन आठवडे लोटले होते, कारण मी माल येण्याची वाट बघत होतो. ते लोक मुद्दाम माल पाठवतात तो याचसाठी, वेळ काढायला आणि प्रकरण ‘दिवाणी’ ठरवायला.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. हे चांगलं आहे. पण नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो. माझ्याकडे एक फोन नंबर, एक यूपीआय आयडी आणि दुसऱ्याचा जीएसटी नंबर. म्हणून दुकानाचा पत्ता आधी मागा, पैसे देण्याआधी तिथे कुणाला तरी पाठवा.

आणि शिफ्टर शोधायला निघण्याआधी जुन्याचे बुश (सांध्यातल्या झिजणाऱ्या छोट्या नळ्या), खालचा बूट आणि गिअर ऑइल बघून घ्या. माझ्या जुन्या दांड्यात नवे बुश आणि नवा बूट पडल्यावर झिणझिण बरीच कमी झाली. हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्या माणसाच्या दारात गेलोच नसतो.

ज्या कुणी अलीकडे असा ‘डँपर’वाला (थरथर अडवणारं रबर असलेला) शिफ्टर ऑनलाइन मागवला असेल त्यांनी आजच त्या काळ्या पट्ट्याला नख लावून बघावं. सोलून निघाला तर खोकं, लेबल, यूपीआयची पावती, काहीही फेकू नका. एकाच खात्यावर अनेक तक्रारी आल्या तर ते खातं गोठवणं सोपं जातं, हे मला ठाण्यातल्याच एका अधिकाऱ्याने निघताना सांगितलं. माझी तक्रार नोंदलेली आहे. तुमचीही नोंदवा, रक्कम कितीही असो.