गावच्या रेडिओसाठी एफएमचा टॉवर की मिस्ड कॉलचा नंबर?

पाच-सहा स्वयंसेवक जमलेत, एक खोली मिळालीय, आणि घोडं एकाच प्रश्नावर अडलंय. परवानगी काढून एफएम केंद्र उभं करायचं, की मिस्ड कॉलवर चालणारा फोन-रेडिओ सुरू करायचा? आम्हीही इथे बरेच महिने अडलो होतो. आधी फोन केला, नंतर एफएम. पुढे लिहितोय ते आमच्या खोऱ्यातल्या अनुभवावर. तुमच्याकडे थोडं इकडेतिकडे होऊ शकेल.

बाकीचे पर्याय लवकर बाजूला पडतात. इंटरनेट रेडिओ ऐकतात ती शहरात गेलेली मुलं. वस्तीवर मागे राहिलेली माणसं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला ऑडिओ शंभर फॉरवर्डांखाली दबतो. केबलच्या तारेवरून घरोघरी आवाज पोचवण्याचा एक सुंदर प्रयोग कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या बुदीकोटेमध्ये 2003 साली ‘नम्म ध्वनी’ने केला होता. पण तेव्हा गावच्या संस्थांना एफएम मिळतच नव्हतं. ते दार 2006 च्या धोरणाने उघडलं.

फोन-रेडिओचं मला मनापासून कौतुक आहे, हे आधीच सांगतो. छत्तीसगडमध्ये 2010 पासून ‘सीजीनेट स्वर’ने ही वाट घालून दिली: तुम्ही मिस्ड कॉल द्यायचा, यंत्रणा उलट फोन करते, एक बटण दाबून निरोप रेकॉर्ड करायचा, दुसरं दाबून इतरांचे ऐकायचे. मधे कुणीतरी निरोप तपासून पुढे सोडतो. टॉवर नको, फ्रिक्वेन्सी नको. ठरवल्यापासून तीन आठवड्यांत आमचा नंबर चालू झाला. डोंगराआडच्या वाडीलाही तो लागतो, आणि तिथे एफएम खरंच हरतं, कारण एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर ओलांडत नाहीत. शिवाय फोनवर माणूस नुसता ऐकत नाही, बोलतो. हातपंप बंद आहे, मजुरी मिळालेली नाही, असं थेट सांगता येतं. सामुदायिक एफएमवर, म्हणजे गावच्या संस्थेने चालवलेल्या केंद्रावर, स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या लावायच्या तर जशाच्या तशा. हवामान, पाणी आणि विजेचं वेळापत्रक, नोकरभरती, परीक्षा एवढं मात्र बातमीत धरत नाहीत, त्यामुळे रोजच्या कामाला अडत नाही. तरी तक्रार मांडणं हेच तुमचं मुख्य काम असेल, तर फोन उजवा आहे.

मग आम्ही त्याच्यावरच का थांबलो नाही? घरातला फोन घरात नसतो, म्हणून.

आमचे बरेचसे कार्यक्रम बाळंतपण आणि लहान मुलांच्या तब्येतीवर होते. ऐकणाऱ्या बायकाच. दुपारी एखादी धाकट्या दिराच्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायची. लाइन मोकळी असली तर अर्ध्या मिनिटात उलट फोन जायचा, गर्दी असली तर दहा मिनिटांनी. तेवढ्यात दीर फोन खिशात घालून मोटारसायकलवर निघालेला असायचा. फोन तो उचलायचा, पलीकडून अंगावरच्या दुधाबद्दल बोलणारा बाईचा आवाज, की तो कट करायचा. आणि संध्याकाळी घरी विचारायचा, हा नंबर कुणाचा? आम्हाला नोंदीत एवढंच दिसायचं की कॉल लागला आणि काही सेकंदांत तुटला. महिनाभर आम्ही नेटवर्कला दोष देत राहिलो. शेवटी एका वस्तीवर बैठक घेतली तेव्हा एक काकू म्हणाल्या, “दादा, तुमचा नंबर लावला की मी लगेच पुसून टाकते. घरात उगा प्रश्न नकोत.”

ते वाक्य मला आजही बोचतं. ज्या बायकांसाठी आम्ही हे सगळं उभं केलं, त्यांनाच आम्ही लपूनछपून ऐकायला लावलं होतं.

उपाय करून पाहिले. ठराविक वेळ ठेवली, पण त्या वेळेला फोन शेतात. लाइन वाढवल्या, तर खर्च वाढला, कारण उलट फोनाचे पैसे आपणच भरतो. जितके श्रोते जास्त तितकं बिल मोठं. रिचार्ज संपलेला असेल तर येणारा फोनही येत नाही. शिवाय ते ‘एक दाबा, दोन दाबा’. त्यासाठी फोन कानापासून दूर न्यायचा, आकडे पुसट झालेल्या बटणांवर नेमकं बटण शोधायचं, तोवर आवाज तीनदा तेच सांगून कॉल कापतो. ज्यांची नजर अधू आहे त्यांचं तर विचारूच नका.

रेडिओचा संच कुणाच्या खिशात जात नाही. तो फळीवर असतो, घरातले सगळे ऐकतात आणि कुणी काय ऐकलं याची नोंद कुठे राहत नाही. हात कामात असताना ऐकता येतो. साध्या बटणाच्या फोनमध्येही एफएम असतं. त्याला बहुतेक वेळा इअरफोन लावावा लागतो तो त्याची वायर अँटेना म्हणून काम करते म्हणून. 90 मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी सव्वातीन मीटरच्या वर जाते, तिचा चौथा भाग म्हणजे साधारण त्या वायरीएवढाच.

आता एफएमची किंमत मोजायची तयारी हवी. अर्ज संस्थेच्या नावानेच होतो, एकट्या माणसाच्या नाही. संस्था किमान तीन वर्षांची आणि त्या भागात काम दाखवू शकणारी लागते. आधी लेटर ऑफ इंटेंट म्हणजे तत्त्वतः मंजुरीचं पत्र, मग फ्रिक्वेन्सी आणि टॉवरच्या जागेची मंजुरी, मग करार, 25,000 रुपयांची बँक गॅरंटी. आमचा कागद एका टेबलावर इतका काळ पडून राहिला की दोन स्वयंसेवकांची लग्नं होऊन ती दुसऱ्या गावी गेली. या मधल्या काळात गट टिकवणं हेच खरं अवघड काम. आम्ही त्या दिवसांत नुसतं रेकॉर्डिंग करत राहिलो, आठवड्याच्या बैठकीत सगळ्यांना ऐकवत राहिलो, आणि केंद्र सुरू झालं तेव्हा चार महिन्यांचा साठा हाताशी होता.

तांत्रिक बाजू वाटते तेवढी भीतीची नाही. नेहमीच्या परवानगीत अँटेनातून बाहेर पडणारी प्रभावी शक्ती 100 वॅटपर्यंत आणि टॉवर 30 मीटरपर्यंत. सपाट मुलखात दहा-पंधरा किलोमीटर मिळतात. आमच्याकडे एका बाजूला तेवढे मिळाले, डोंगराच्या बाजूला जेमतेम चार. अर्थिंगवर मात्र पैसे वाचवू नका. आम्ही वाचवले, आणि पहिल्याच वळवाच्या पावसात वीज पडून ट्रान्समीटर गेला. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर केंद्र चालतं, ही त्यातली मोठी सोय. मोबाइल टॉवरची बॅटरी उतरली की फोन-रेडिओ गप्प. आमचा आवाज चालू.

एफएमची सगळ्यात मोठी मागणी माणसांची. फोनवर चार दिवस नवीन काही टाकलं नाही तरी जुने निरोप ऐकले जातात. एफएमवर संध्याकाळी सहाला आवाज आला नाही तर सव्वासहाला कुणीतरी दारात उभं. निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक असावा लागतो, प्रसारित झालेलं सगळं तीन महिने जपून ठेवावं लागतं. आळीपाळीने बसणारे आठ-दहा जण नसतील, तर मी तरी आग्रह करणार नाही. पैशांची बाजू थोडी सुधारली आहे: 2024 मध्ये जाहिरातीची मर्यादा तासाला सातवरून 12 मिनिटांवर गेली, सरकारी जाहिरातीचा दर 10 सेकंदांना 52 वरून 74 रुपये झाला. वीज आणि दुरुस्ती यातून निघावी. पगार निघतील असं धरून चालू नका.

मनात शंका असेल तर सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र पाहून या. तेलंगणात माचनूरचं ‘संघम रेडिओ’ 2008 पासून खेड्यातल्या दलित बायका चालवतात. आमच्यातली एक मुलगी तिथे जाऊन आली आणि परतल्यावर म्हणाली, आपण उगाच घाबरत होतो.

फोनचा नंबर आम्ही बंद केलेला नाही, त्याचं काम बदललं. आता तो फक्त निरोप घेतो. ज्याला जेव्हा फोन हाती लागेल तेव्हा त्याने बोलावं, संध्याकाळी ते एफएमवर लागतं. उलट फोन नाही, म्हणून घरात प्रश्नही नाही. ज्या काकू नंबर पुसून टाकायच्या, त्या आता आठवड्यातून एकदा शेजारणीच्या फोनवरून निरोप ठेवतात आणि स्वतःचा आवाज सगळ्यांबरोबर बसून ऐकतात.

अर्जाला हात घालण्याआधी एक करून बघा. दुपारी दोन वाजता आणि रात्री आठ वाजता तुमच्या भागातल्या वीस घरांत जा, आणि घरातला फोन त्या घडीला कुणाकडे आहे एवढंच विचारा. बहुतेक बायकांकडे स्वतःचा फोन निघाला, तर फोन-रेडिओने सुरुवात करायला काहीच हरकत नाही. आमच्या वीस घरांत दुपारी तीन फोन सापडले होते.